इंजिन किती अंशांत बसवायचं? आधी अ‍ॅक्सल वर उचलून बघ

तुझा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. तिच्यात २५२३ सीसीचं डीआय इंजिन, त्याचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) असा एकसंध सेट बसवलाय. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अ‍ॅक्सलच्या खाली होते ते वर घेतलेत आणि टायर ३१ इंची टाकलेत. आता तक्रारी दोन. ताशी ४५-५० च्या पुढे गाडी मागून थरथरते. आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या लो गिअरमध्ये) चढ चढताना पुढचा प्रोपेलर शाफ्ट इंजिनाच्या चेंबरला (खालच्या तेलाच्या टाकीला) घासतो, पण घरी जॅकवर घेऊन बघितलं तर कुठंच काही लागत नाही. एका मिस्त्रीनं सांगितलं की चासी आणि क्रॉस मेंबरच्या (इंजिनाची शेपूट ज्यावर टेकते त्या आडव्या तुळईच्या) मध्ये वॉशर भरून इंजिनाची शेपूट खाली घे. दुसऱ्यानं सांगितलं की पुढच्या हाउसिंगचा (अ‍ॅक्सलच्या कवचाचा) पिनियन, म्हणजे शाफ्ट जिथं जोडतो ते तोंड, वर फिरव. आणि तू विचारतोयस की इंजिनाचा बरोबर कोन किती.

आकडा हवा असेल तर तो आहे: मागं ३ ते ५ अंश उतार. रांगेतली चार सिलिंडर असलेली आणि मागची चाकं ओढणारी बहुतेक इंजिनं कंपनीतूनच अशी, मागं थोडी झुकलेली बसतात. पण नुसता हा आकडा घेऊन वेल्डिंगला बसलास तर दोन्ही तक्रारी तशाच राहतील. माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनाचा कोन हा सगळ्यात शेवटी निघणारा आकडा आहे. आधी अ‍ॅक्सल जास्तीत जास्त किती वर येतो आणि किती खाली लोंबतो ते पक्कं करायचं. त्यावरून शाफ्टची वाट ठरते, शाफ्टवरून ट्रान्सफर केसची उंची ठरते आणि मग उरलेल्या जागेत इंजिन बसतं. आपल्याकडं बहुतेक गाड्यांत हे उलटं होतं. इंजिन चेनब्लॉकला टांगायचं, बॉनेट लागतंय का, पंखा रेडिएटरला लागतोय का एवढं बघायचं, फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं त्या बैठका) टाकून द्यायचं आणि मग शाफ्टला म्हणायचं, बघ बाबा तुझं तू.

तू पाठवलेली मापं चांगली घेतलीस, त्यामुळं नीट बोलता येतं. इंजिन मागं १ अंश झुकलेलं. मागचा पिनियन ६ अंश वर तोंड करून. मागचा शाफ्ट क्रॉसपासून (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्यापासून) क्रॉसपर्यंत आडवा मोजला तर २४ इंच, आणि ट्रान्सफर केसच्या आउटपुटपासून पिनियनपर्यंतचा उतार ५ इंच. पुढचा शाफ्ट ३० इंच, उतार तिथंही ५ इंच.

आधी थरथर. २४ इंचांत ५ इंच उतार म्हणजे शाफ्टचा स्वतःचा कोन जवळजवळ ११.८ अंश. वरचा क्रॉस ११.८ वजा इंजिनाचा १, म्हणजे १०.८ अंशांवर काम करतोय. खालचा ११.८ वजा पिनियनचे ६, म्हणजे ५.८ वर. इथंच गोम आहे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एक बाजू एकसारख्या वेगानं फिरली तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं पळते आणि दोनदा मागं रेंगाळते. १० अंशांवर ही चढउतार वर दीड टक्का, खाली दीड टक्का असते. ३० अंशांवर ती १५ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन क्रॉस सारख्याच कोनावर असले आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत असले, तर एकानं बिघडवलेलं दुसरा पुन्हा सरळ करतो. तुझ्या गाडीत दोघांत ५ अंशांचा फरक आहे. ऐकायला ५ वाटतो, पण परिणाम ५ चा नसतो. कोनांचे वर्ग वजा करून वर्गमूळ काढायचं: १०.८ चा वर्ग वजा ५.८ चा वर्ग, त्याचं मूळ ९.१. म्हणजे गाडीला जणू एकच क्रॉस ९ अंशांवर बसवलाय. ५.३८ च्या क्राउन-पिनियनवर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) आणि ३१ इंची टायरवर ताशी ५० ला शाफ्ट मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला ३६०० हिसके. ती थरथर शाफ्ट बॅलन्स करून जाणार नाही. तू दोनदा बॅलन्सिंग करून घेतलंस असं लिहिलंयस. बॅलन्सिंगवाल्याचा यात काही दोष नाही.

दोन्ही क्रॉस सारखे केले तरी एकूण कोनालाही मर्यादा असते, आणि ती फेऱ्यांवर अवलंबून असते. शाफ्ट बनवणाऱ्या स्पायसरच्या तक्त्याप्रमाणे ३००० फेऱ्यांना सुमारे ५.८ अंश, २००० ला ८.७, १५०० ला ११.५. आपण हायवेला ताशी ६० धरली तर तुझा शाफ्ट २२०० च्या आसपास फिरेल, म्हणजे साधारण ८ अंशांच्या आत राहायला हवं. आणि कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या कपातल्या सुया जागच्या हलल्याच नाहीत तर त्या एकाच जागी खाचे पाडतात. एखादा अंश तरी हवाच.

आता मिस्त्रीच्या वॉशरकडं येऊ. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंजिनाची शेपूट खाली गेली की मागच्या शाफ्टचा वरचा कोन कमी होतो. पण ट्रान्सफर केसला तोंडं दोन असतात. मागचं तोंड ४ अंश खाली बघायला लागलं की पुढचं तोंड तेवढंच वर बघायला लागतं, आणि पुढचा शाफ्ट तर खाली जायचाय. म्हणजे मागं मिळालेला प्रत्येक अंश पुढच्या क्रॉसच्या माथी बसतो. पुढचा शाफ्ट ३० इंचांत ५ इंच उतरतो म्हणजे साडेनऊ अंश. इंजिन १ अंशावर असताना पुढचा वरचा क्रॉस साडेदहावर आहे. इंजिन नुसतं ४ वर नेलंस आणि उंची तीच ठेवलीस तर तो साडेतेरावर जाईल. त्यात चाक लोंबलं की आणखी भर. म्हणून 'इंजिन जितकं झुकेल तितकं चांगलं' हा समज फोर-बाय-फोरमध्ये चालत नाही.

३ अंश जास्त झुकवायचं म्हणजे किती हलवायचं तेही बघ. पुढच्या आणि मागच्या फाउंडेशनमध्ये साधारण १ मीटर अंतर धर. ३ अंशांना ५२ मिलिमीटर होतात. हे सगळे ५२ तू शेपूट खाली घेऊन काढलेस तर गाडीच्या पोटाखालचे दोन इंच गेले. उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाडलेल्या चाकोऱ्यांत मधला उंचवटा पहिल्यांदा क्रॉस मेंबरलाच धरतो, हे तुला कागल भागात वेगळं सांगायला नको. आणि सगळे ५२ पुढून वर घेतलेस तर पंखा रेडिएटरच्या मध्यापासून सरकतो, श्राउडला घासतो आणि बॉनेटची जागा संपते.

माझा सल्ला निम्मं-निम्मं. पुढची फाउंडेशन इंचभर वर, मागचा क्रॉस मेंबर इंचभर खाली. इंजिन साधारण ४ अंशांवर येतं आणि मागचा उतार ५ इंचांवरून ४ वर येतो. २४ इंचांत ४ म्हणजे साडेनऊ अंश. त्यातून ४ गेले की वरचा क्रॉस साडेपाचवर. ८ च्या खूप आत. पुढं उतार ३० इंचांत ४ होतो, म्हणजे ७.६ अंश, त्यात ४ मिळवले की ११.६. आधी साडेदहा होते. फक्त अंशभर वाढ झाली, आणि ती फोर-व्हीलमध्ये कमी वेगातच सोसायचीय. शिवाय चेंबरचं पुढचं टोक इंचभर वर गेलं आणि शाफ्टचं मागचं टोक इंचभर खाली आलं, म्हणजे दोघांमधली जागा दोन्हीकडून वाढली. हा या मांडणीचा खरा फायदा.

मग मागचा पिनियन. समांतर हवा म्हणजे तोही ४ अंश वर बघणारा हवा. पण पाट्यांवरच्या गाडीत जोर दिला की हाउसिंग चाकांच्या उलट फिरू बघतं आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून उभ्या गाडीत तो अंशभर खाली, ३ वर ठेवायचा. जोर आला की ४ वर जाऊन बसतो. तुझा ६ वर आहे, तो ३ अंश खाली आणायचा. आधी पोलादी पाचर घालून गाडी चालवून बघ, समाधान झालं की पाट्याची बैठक कापून नव्या कोनात वेल्ड कर. अ‍ॅल्युमिनियमची पाचर बाजारात मिळते, ती घालू नकोस. यू-बोल्टखाली ती चेपते आणि मग यू-बोल्ट सैल होतो. नवे पाटे असतील तर ते बसल्याशिवाय बैठक पक्की वेल्ड करायची घाई नको.

मोजताना एक गोष्ट सांभाळ. चेंबरच्या तळाला किंवा टॅपेट कव्हरला लेव्हल लावून इंजिनाचा कोन काढू नये, ते पत्रे असतात. ट्रान्सफर केसच्या आउटपुट फ्लॅंजवर आणि पिनियनच्या योकवर, म्हणजे मशीनिंग झालेल्या तोंडावर अँगल गेज ठेव. गाडी चाकांवर उभी, टाकी भरलेली, स्टेपनी आणि रोजचं सामान जागेवर. आणि चासी लेव्हलमध्ये आहे का ते आधी बघ. नसेल तर सगळे कोन चासीच्या संदर्भात लिही. बाजूचा कोनही विसरू नकोस. जुन्या महिंद्रा जीपांत डिफरन्शियलचा गोळा मध्यावर नसून उजवीकडं असतो आणि जुन्या ट्रान्सफर केसचं आउटपुटही तसंच सरकलेलं असतं, म्हणून वरून बघितलं की शाफ्ट जवळजवळ सरळ दिसतो. तुझा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे. दोन्ही तोंडांच्या मध्यावरून ओळंबे सोड, जमिनीवर खुणा कर आणि बाजूचं अंतर मोज. २४ इंचांत दीड इंच जरी बाजूला असलं तरी ते साडेतीन अंश होतात, आणि उभ्या साडेपाचाशी मिळून खरा कोन साडेसहाच्या वर जातो.

आता चेंबर. जॅकवर लागत नाही आणि चढावर लागतो, याचं कारण जॅकवर इंजिन जोर लावत नाही. समोरून बघितलं तर इंजिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं, आणि पुढच्या गिअरमध्ये प्रोपेलर शाफ्टही तसाच. त्याची प्रतिक्रिया म्हणून अख्खा सेट उलट दिशेला कलतो: क्लीनर साइड (डावी) वर उचलली जाते, ड्रायव्हर साइड (उजवी) खाली दबते. आणि पुढचा शाफ्ट कुठल्या बाजूनं जातो? ड्रायव्हर साइडनंच. म्हणजे जेव्हा जोर सर्वांत जास्त, तेव्हाच चेंबरची उजवी कड शाफ्टच्या अंगावर येते. हा जोर किती असतो याचा लोकांना अंदाज नसतो. इंजिन १२ किलोग्रॅम-मीटर देतंय असं धर. पहिला गिअर साडेतीनचा, जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसची लो २.४६ ची. गुणाकार केला की १०३ किलोग्रॅम-मीटर. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकाला एक बोल्टनं जोडलेले असले की ही सगळी पिळवणूक फाउंडेशनवरच येते. दोन रबरांत ४० सेंटिमीटर अंतर असेल तर एका बाजूला अडीचशे किलो उचल आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच दाब, इंजिनाच्या वजनाखेरीज. जुनं, तेल पिऊन मऊ झालेलं रबर तिथं काय टिकणार? रिव्हर्समध्ये हेच उलटं होतं.

त्यामुळं चेंबर कापायच्या आधी फाउंडेशनची रबरं बघ. पहार घालून इंजिन दोन्ही बाजूंना कलवून बघ, हातभर पहारेनं ते सहज उचललं जात असेल तर रबरं संपलीत. रबरं अशी निवड की वरचा आणि खालचा भाग धातूनं एकमेकांत अडकलेला असेल. रबर सुटलं तरी इंजिन उडून पंखा रेडिएटरमध्ये जाणार नाही. काही जण रबर काढून सरळ लोखंडी फाउंडेशन टाकतात. ते करू नकोस. चासी पिळते तेव्हा ती इंजिनाला सोबत पिळू बघते, आणि मग ब्लॉकचे किंवा गिअरबॉक्सचे कान तुटतात. बिडाचा कान तुटला तर आपल्या कोल्हापुरात फाउंड्र्या आहेत म्हणून काही तो नवा ओतून मिळत नाही.

चासीवर ब्रॅकेट वेल्ड करताना चॅनेलच्या उभ्या पाठीवर वेल्ड कर, वरच्या-खालच्या पट्टीच्या कडेवर आडवा टाका मारू नकोस. तडा तिथूनच सुरू होतो. आत पट्टी देऊन बोल्ट मारलेस तर आणखी चांगलं, पुढं कोन बदलायचा झाला तर ग्राइंडर लागत नाही. मी तर पहिल्या फिटिंगला ब्रॅकेटमध्ये लांबट भोकंच ठेवायला सांगतो.

आता खरी परीक्षा, आणि हीच सगळे टाळतात. पुढच्या पाट्यांची सगळी पानं काढ आणि फक्त मुख्य पान ठेव. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोड. आता अ‍ॅक्सल हातच्या जॅकनंसुद्धा वरपर्यंत येतो. बंप स्टॉपला (अ‍ॅक्सलची वरची धाव अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर घे, आणि बंप स्टॉपचं रबर निम्मं दबेल असं धरून आणखी तेवढं वर घे. आधी दोन्ही बाजू एकदम, मग फक्त उजवी वर आणि डावी पूर्ण खाली. ही दुसरी अवस्थाही टाळू नकोस, कारण गोळा उजवीकडं असल्यानं एकटं उजवं चाक वर आलं तरी तो चेंबरच्या जवळ येतो. या स्थितीत चेंबर आणि शाफ्टच्या मध्ये ओल्या शाडूचा गोळा चिकटव, तसाच एक चेंबर आणि अ‍ॅक्सल ट्यूबच्या मध्ये. गणपतीच्या दिवसांत बापट कॅम्पात जी माती मळतात तीच. ती दाबलेला आकार धरून ठेवते. मग शाफ्ट हातानं पूर्ण एक फेरा फिरव. योकचे कान शाफ्टच्या नळीपेक्षा मोठ्या घेरात फिरतात, नळी सुटते तिथं कान लागतो. त्यानंतर एकानं पहारेनं इंजिनाची ड्रायव्हर साइड खाली दाबून धरायची आणि पुन्हा एक फेरा. माती काढून सुरीनं मध्ये काप आणि सर्वांत पातळ जागा मोज. इंजिन दाबलेलं असताना १२ मिलिमीटर आणि न दाबता २५ मिलिमीटर एवढी मोकळीक मी किमान मानतो. याहून कमी असेल तर पहिला उपाय बंप स्टॉप लांब करणं. एक इंच कमी उसळी मिळाली तर चालते, चेंबर फुटून राधानगरीच्या जंगलाकडच्या रस्त्यावर तेल सांडलेलं चालत नाही.

तरीही जागा कमीच पडली तर चेंबरला खाच द्यावी लागेल. ती देताना जेवढं तेल कमी झालं तेवढी जागा दुसऱ्या बाजूला फुगवून भरून काढ. सक्शन पाइपची जाळी तळापासून ६ ते १० मिलिमीटरवर राहिली पाहिजे. तळाला टेकली तर तेल ओढणार नाही आणि फार वर राहिली तर चढावर हवा ओढेल. अ‍ॅक्सल खालून जाणाऱ्या गाडीत चेंबरचा खोल भाग मागं असलेला बरा. चढावर तेल मागं जातं आणि जाळीही तिथंच असते. मात्र लांब उतारावर, गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली उतरताना असतो तसा, तेल पुढं सरकतं. खोल भागात आडवी पट्टी नसेल तर एक घालून घे.

इंजिनाचा कोन बदलला की डिपस्टिक खोटं बोलायला लागते. सगळं तेल काढ, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढं मोजून भर, थोडा वेळ थांबून डिपस्टिकवर नवी खूण कर. गिअरबॉक्सला ४-५ अंशांनी काही होत नाही. पण कुणी ८-१० अंश झुकवलं असेल तर लेव्हल प्लगपर्यंत भरलेलं तेल पुढच्या बेअरिंगला पुरत नाही आणि मागच्या सीलवर उभं राहतं. पाण्याचं बघितलं तर नाक वर असलेलं बरं. हवेचा बुडबुडा थर्मोस्टॅटकडं, म्हणजे पुढं वर येतो आणि निघून जातो. नाक खाली असलेलं इंजिन मी पास करत नाही. हवा मागच्या सिलिंडरच्या वर अडकते आणि हेड तिथंच तापतं.

आता अ‍ॅक्सल खाली सोड. चाकं पूर्ण लोंबू दे, शॉक अजून सोडलेलेच. दोन गोष्टी बघायच्या. शाफ्ट हातानं फिरव, कुठं अडकतो का, योकचे कान एकमेकांना लागतात का. लागत असतील तर लोंबण्यावर पट्ट्याची मर्यादा घाल किंवा लांबी बघून शॉक निवड. कान घासून जागा करणारे आहेत, थोडं घासलं तर चालतंही, पण कपाच्या भोवतीचा मांसल भाग कमी झाला की तो योक पुढच्या मोठ्या झटक्याला उघडतो. दुसरी गोष्ट स्लिप, म्हणजे शाफ्टचा दात्यांवर आत-बाहेर सरकणारा जोड. पूर्ण लोंबलेल्या स्थितीत दाते किती आत उरलेत ते मोज, आणि पूर्ण वर घेतलेल्या स्थितीत आत जायला किती जागा शिल्लक आहे तेही. दोन्हीकडं किमान इंचभर हवं. स्लिप तळाला टेकली तर अ‍ॅक्सलचा सगळा धक्का ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो आणि दोष मात्र गिअरबॉक्सला दिला जातो. शाफ्टची लांबी या दोन मापांवरून ठरवायची आणि मगच उद्यमनगरात लेथवर टाकायला न्यायचा. उंची पक्की व्हायच्या आधी शाफ्ट कापून आणलेले बरेच बघितलेत, त्यांना दुसऱ्यांदा नळी घालावी लागते. आणि शाफ्ट ओढून वेगळा करायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पंचनं खूण कर. दातांत एक-दोन घरं इकडंतिकडं बसला तर वर मांडलेला कोनांचा सगळा हिशेब फुकट जातो.

दुसऱ्या मिस्त्रीचा पुढच्या पिनियनचा सल्ला मात्र मला मान्य नाही. पुढचं हाउसिंग फिरवलंस की त्याच्याबरोबर नकलही (चाक वळवणारा सांधा) फिरते. पिनियन जितके अंश वर, तितके अंश कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) कमी. ३ अंश कॅस्टर असलेल्या गाडीचा पिनियन ६ अंश वर घेतला तर कॅस्टर उणे ३ होतो. स्टिअरिंग वळणातून आपोआप सरळ येत नाही, गाडी हायवेला डावी-उजवीकडं भटकते. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना अशी गाडी हातात असू नये. नकल कापून पुन्हा योग्य कॅस्टरवर वेल्ड करणं हा खरा इलाज आहे, पण त्याला जिग लागतो आणि वेल्डर तसाच खात्रीचा लागतो. घरच्या ओट्यावर करायचं काम नाही ते. डबल क्रॉसचा शाफ्ट घ्यायचा म्हटलं तर पिनियनचं तोंड सरळ ट्रान्सफर केसकडं करावं लागतं, म्हणजे कॅस्टर आणखीच जातो. तो शाफ्ट मागच्या बाजूला उत्तम, तिथं कॅस्टरचा प्रश्नच नाही. पुढं कोन थोडे असमान राहू देत, कमी वेगात ते जाणवत नाहीत. फक्त फ्री-व्हील हब (पुढचं चाक शाफ्टपासून सोडवता येतं असे) बसव. हब नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरत राहतो, आणि मग पुढचीही थरथर हायवेला यायला लागते.

जिप्सीवाल्यांनी इथले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा टांगलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळं लोमधली वाढलेली पिळवणूक इंजिनाच्या फाउंडेशनवर न येता बरीचशी ट्रान्सफर केसच्या स्वतःच्या तीन हातांवर येते, आणि तेच हात आधी तुटतात. एक फायदाही आहे: इंजिनाचा कोन न हलवता ट्रान्सफर केस वेगळा हलवता येतो. मात्र त्या आखूड शाफ्टचे दोन क्रॉस तेव्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.

कागदाचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांवर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलंय. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. कापाकापी सुरू करायच्या आधी कार्यालयात जाऊन विचार. झाल्यावर विचारलं तर उत्तर बहुतेक 'नाही' असंच मिळतं आणि अपघात झाला तर विमाही अडतो.

कामाचा क्रम तुझ्यासाठी असा धर: रबरं, मग बंप स्टॉप, शाडूची परीक्षा, पुढं इंच वर आणि मागं इंच खाली, शेवटी मागचा पिनियन ३ वर. हे सगळं झाल्यावर आठवडाभर गाडी भरलेली चालव. पाटे बसतील आणि यू-बोल्ट थोडे सैल होतील. ते आवळ आणि दोन्ही तोंडांवर अँगल गेज पुन्हा ठेव. मागच्या दोन क्रॉसमध्ये उभ्या गाडीत १ ते दीड अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर मला नवी मापं पाठव, बाजूच्या ओळंब्याच्या मापासकट.